टायटॅनियमच्या सिलिंडरचे रिव्हॉल्व्हर: साफसफाई आणि देखभाल

उंबरठा (ह्यूस्टन)

सर्वांना नमस्कार. मी ह्यूस्टनमध्ये राहतो आणि गेली चार वर्षे दर पंधरवड्याला नेमबाजीच्या सरावाला जातो. आजवर माझ्याकडे पोलादाचे एकच जाडजूड रिव्हॉल्व्हर होते, आणि त्याची साफसफाई आता हाताला इतकी सवयीची झाली आहे की ती करताना मी बातम्याही ऐकतो. गेल्या महिन्यात मात्र मी स्मिथ अँड वेसनचे 340 पीडी हे मॉडेल वापरलेल्या अवस्थेत विकत घेतले. स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमची फ्रेम, टायटॅनियमचा सिलिंडर, .357 मॅग्नमची पाच काडतुसे; आणि रिकामे असताना ते काट्यावर दीड पावसुद्धा भरत नाही.

प्रश्न सिलिंडरच्या पुढच्या तोंडाचा आहे. नळीकडच्या बाजूला प्रत्येक चेंबरभोवती, म्हणजे काडतूस बसते त्या भोकाभोवती, काळी वलये बसली आहेत. पोलादी रिव्हॉल्व्हरवरची अशी वलये मी भांड्यांच्या हिरव्या घासणीने आणि थोड्या तेलाने काढत आलो आहे. इथेही तेच करायला बसलो होतो, पण एका चेंबरजवळ नखाएवढा भाग आजूबाजूच्या राखाडी रंगाहून वेगळा, चांदीसारखा चमकताना दिसला आणि हात थांबला. तो भाग मी घासलेला नाही. पूर्वीच्या मालकाने काहीतरी केले असावे. टायटॅनियमला गंज लागत नाही एवढेच मला ठाऊक आहे. तेव्हा या सिलिंडरची सफाई कशी करावी, वलये काढावीत की राहू द्यावीत, आणि तो चमकणारा डाग चिंतेचा आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

धातुवेडा (पुणे)

घासणी आधी खाली ठेवा आणि मग पुढचे वाचा.

टायटॅनियम कठीण असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते बळकट असते, आणि बळकट असणे व कठीण असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सारख्याच वजनाचा हिशेब केला तर टायटॅनियमचा मिश्रधातू बहुतेक पोलादांना मागे टाकतो, कारण त्याची घनता एका घनसेंटिमीटरला साधारण 4.4 ग्रॅम, तर पोलादाची 7.8 ग्रॅम असते. परंतु घासले जाणे, ओरखडे पडणे आणि दुसऱ्या धातूला चिकटून पृष्ठभाग फाटणे या बाबतींत उघडे टायटॅनियम फारच हळवे आहे. म्हणून या सिलिंडरवर कारखान्यातच एक संरक्षक लेप चढवलेला असतो. आपण ज्याला राखाडी रंग म्हणता तो हा लेप, आणि जो भाग चांदीसारखा दिसतो तिथे तो बहुधा निघून गेला आहे.

लेप गेल्याने केवळ शोभा गेली असती तर कोणाचे काही बिघडले नसते. अडचण उष्णतेची आहे. टायटॅनियमचा मिश्रधातू साध्या पोलादाच्या मानाने सहा-सात पटींनी मंद गतीने उष्णता वाहून नेतो. त्यामुळे गोळी सुटताना निर्माण झालेली उष्णता सिलिंडरभर पसरत नाही. चेंबरच्या तोंडाजवळच्या पातळ थरातच ती कोंडून राहते. नेमक्या त्याच क्षणी अर्धवट जळलेले दारूचे कण वाळूच्या फवाऱ्यासारखे तिथून वेगाने जातात. लेप शाबूत असेल तोवर तो हा मारा सोसतो. तो खरवडला गेला असेल तर कण सरळ धातूला भिडतात, बारीक खड्डे पडतात, आणि खडबडीत झालेली जागा पुढच्या वेळी आणखी लवकर खिरते.

विजेच्या छोट्या यंत्रावर पॉलिशची चकती लावून सिलिंडर उजळणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की टायटॅनियमची बारीक पूड सहज पेट घेते आणि ती आग पाण्याने विझवायला जाऊ नये.

(जाता जाता: हा धातू आपल्याला वाटतो तितका परका नाही. ज्या इल्मेनाइटपासून टायटॅनियम मिळते ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे.)

कातळफूल (सॅन होजे)

वलयांबद्दल माझे उत्तर एका वाक्याचे आहे: राहू द्या. ती पुढच्या सरावात पहिल्या पाच गोळ्यांतच परत येणार आहेत, आणि त्यांच्यामुळे नेम, वेग किंवा सुरक्षितता यांपैकी कशालाही धक्का लागत नाही.

मोजूनमापून (फिनिक्स)

माझ्याकडे याच जातीचे रिव्हॉल्व्हर अकरा वर्षे आहे. उंबरठा यांनी विचारले आहे म्हणून सगळी पद्धत सविस्तर लिहितो. लांबण लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

काडतुसे काढून ती दुसऱ्या खोलीत ठेवावीत, म्हणजे सफाईच्या टेबलावर जिवंत काडतूस असण्याची शक्यताच उरत नाही. त्यानंतर पाचही चेंबर डोळ्यांनी पाहावीत आणि करंगळीच्या टोकाने चाचपावीत. हे मी प्रत्येक वेळी करतो, दोन मिनिटांपूर्वीच केले असले तरीही.

साहित्य अगदी थोडे लागते: नायलॉनचा ब्रश, सुती कापडाचे चौकोनी तुकडे, जुना मऊ दातांचा ब्रश, बांबूच्या काड्या, सौम्य द्रावक आणि हलके तेल. सिलिंडरसाठी पोलादी तारेचा ब्रश, पोलादी लोकर, पॉलिश पेपर, हिरवी घासणी आणि धातू उजळण्याच्या पेस्टी पूर्णपणे वर्ज्य आहेत. शिसे काढण्यासाठी एक औषध लावलेले पिवळे कापड मिळते, तेही याच यादीत आहे, कारण त्यात घासणारे कण असतात; निळसर मुलामा असलेल्या पोलादावरचा मुलामाही ते काढून टाकते. हे केवळ माझे मत नाही. टायटॅनियमच्या सिलिंडरला घासणारे काहीही लावू नये आणि त्याला पॉलिश करू नये, असे उत्पादकाच्या पुस्तिकेतच बजावलेले आहे.

द्रावकाच्या बाबतीत सिलिंडरपेक्षा फ्रेमची काळजी अधिक घ्यावी लागते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर रंगीत थर असतो आणि त्यावर पारदर्शक लेप असतो. नळीतले तांबे काढण्यासाठी मिळणारे अमोनियायुक्त तीव्र द्रावक किंवा गाडीचे ब्रेक साफ करण्याचा फवारा त्यावर पडला आणि राहिला, तर तो पारदर्शक लेप सालपटासारखा सुटू लागतो. हॉपेज नंबर 9 हे जुने द्रावक मी वापरतो, पण ते कापडाच्या तुकड्यावर घेऊन. रिव्हॉल्व्हर द्रावकात कधीही बुडवत नाही आणि काम झाले की लगेच पुसून घेतो.

सिलिंडर बाजूला उघडून प्रत्येक चेंबरमध्ये मागच्या बाजूने द्रावकाचा ओला तुकडा फिरवावा, पंधरा मिनिटे थांबावे, नायलॉनचा ब्रश दहा-बारा वेळा फिरवावा आणि कोरड्या तुकड्याने पुसावे. तुकडा पांढरा शुभ्र निघेपर्यंत हट्ट धरण्याची गरज नाही. मी जे तपासतो ते वेगळेच आहे: काडतूस स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये पूर्ण उतरते का आणि रिकामी पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) बोटाच्या हलक्या दाबाने बाहेर येते का. या दोन गोष्टी होत असतील तर चेंबर स्वच्छ आहे, मग ते कसेही दिसो. (अर्थात ही चाचणी सरावाच्या मैदानावर करावी किंवा डमी काडतुसांनी करावी, घरात जिवंत काडतुसांनी नव्हे.)

इथे .38 स्पेशलचा विषय येतो, आणि मला वाटते या रिव्हॉल्व्हरच्या सफाईतला खरा कळीचा मुद्दा तोच आहे. .357 च्या चेंबरमध्ये .38 चे काडतूस चालते, स्वस्त पडते आणि मनगटाला सोसवते, म्हणून सरावासाठी जवळपास सगळे तेच वापरतात. पण .38 ची पुंगळी .357 च्या पुंगळीपेक्षा इंचाच्या सुमारे आठव्या भागाने आखूड असते. ती जिथे संपते तिथे, चेंबरच्या आत, काजळीचे आणि शिशाचे कडे तयार होते. हे कडे साचू दिले की एके दिवशी .357 चे काडतूस पूर्ण आत जात नाही, किंवा उडवल्यावर पुंगळी अडकून बसते. पोलादी सिलिंडर असता तर तारेच्या ब्रशने पाच मिनिटांत ते काढता आले असते. आपल्याला ती सोय नाही. म्हणून टायटॅनियमच्या बाबतीत कडे साचूच न देणे हाच उपाय उरतो. .38 चा सराव झाला की त्याच संध्याकाळी, काजळी ताजी असताना, चेंबर साफ करावीत. आठवडाभर वाळलेली काजळी आणि त्याच दिवसाची काजळी यांत, करपलेल्या दुधाचे पातेले लगेच भिजत घालणे आणि दुसऱ्या दिवशी घासायला घेणे यांत असतो तितका फरक आहे.

पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या खाली एक जरी दारूचा कण अडकला तरी सिलिंडर जड फिरतो किंवा बंदच होत नाही. तिथे दातांचा ब्रश फिरवावा. पुंगळ्या काढताना नळीचे तोंड वर करून दांडा एकदाच जोरात दाबला तर कण चांदणीखाली न पडता खाली गळून जातात, आणि निम्मे काम तिथेच वाचते.

तेल अगदी थोडे लावावे. सिलिंडर ज्या नळकांडीवर फिरतो तिथे एक थेंब, दांड्यावर एक थेंब, बस. टायटॅनियमवर घर्षणाच्या जागा कोरड्या ठेवू नयेत, धातुवेडा यांनी सांगितलेले चिकटून फाटणे तिथेच होते. पण चेंबर मात्र आतून कोरडीच ठेवावीत. चेंबरमधले तेल काडतुसाच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) झिरपले तर ऐनवेळी काडतूस पेटणार नाही.

आणखी एक जागा आहे जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. फ्रेमच्या वरच्या पट्टीला आतून, नळी आणि सिलिंडर यांच्यातल्या फटीच्या बरोबर वर, पोलादाचा एक छोटा पातळ पत्रा बसवलेला असतो. फटीतून निघणाऱ्या ज्वाळेने ॲल्युमिनियम कापले जाऊ नये म्हणून तो असतो. तो काळाच राहणार. त्याला टोकदार काहीही लावून उचकटू नये. तो जागेवर आहे की नाही एवढे मात्र प्रत्येक सफाईला पाहावे, आणि सैल झालेला किंवा गायब दिसला तर त्या रिव्हॉल्व्हरमधून एकही गोळी न झाडता ते गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्यावे.

आर्मररकाका (सातारा)

मी फौजेत शस्त्रदुरुस्तीच्या कामात पंचवीस वर्षे घालवली आहेत. टायटॅनियमच्या सिलिंडरचे रिव्हॉल्व्हर मी हाताळलेले नाही, त्यामुळे त्या धातूबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही. पण रिव्हॉल्व्हर म्हणून जे समान आहे त्याबद्दल लिहितो.

आमच्याकडे तपासणीला येणारा अधिकारी पांढरा रुमाल चेंबरमध्ये फिरवत असे आणि रुमालावर काळे दिसले तर त्या जवानाची रजा अडचणीत येत असे. त्यामुळे वलये राहू द्या हे वाचून मला क्षणभर कसेसेच झाले. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की ती शिस्त ज्या काळात तयार झाली त्या काळातल्या काडतुसांच्या प्रायमरमधून क्षार मागे राहत, तो क्षार हवेतली ओल ओढून घेई, आणि एका रात्रीत नळी गंजे. म्हणूनच आम्ही पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) ओढण्याआधी नळीत उकळते पाणी ओतत असू. आजच्या काडतुसांत तो क्षार नाही आणि टायटॅनियम गंजत नाही. म्हणजे चकाकीचे मूळ कारण दोन्ही बाजूंनी संपलेले आहे.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करू नये. चित्रपटात ते शोभते, प्रत्यक्षात सिलिंडरला धरणारा हात त्याने वाकतो. दुसरे, पुंगळ्या काढण्याचा दांडा हादऱ्यांनी सैल होतो, पुढे सरकतो आणि मग सिलिंडर उघडत नाही. स्मिथ अँड वेसनच्या आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्ये या दांड्याचे आटे उलटे असतात, म्हणजे आपण घट्ट करायला जातो आणि तो सुटतो. घट्ट करताना चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घालून चांदणीला आधार द्यावा, आणि पकड वापरलीच तर मध्ये चामड्याचा तुकडा धरावा. तिसरे म्हणजे स्क्रू. हलके शस्त्र हादरा जास्त खाते आणि हादऱ्याने स्क्रू ढिले होतात, म्हणून दर सरावानंतर ते पाहावेत; पण खाचेत नेमका बसणारा पेचकस नसेल तर हात लावू नये.

त्या काजळीच्या कड्यासाठी आमची एक जुनी युक्ती होती. उडवलेल्या मोठ्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिचे तोंड किंचित फाकवायचे आणि ती चेंबरमध्ये दाबून बसवायची; पुंगळीची कडा ते कडे खरवडून काढते. पितळ मऊ असल्यामुळे चेंबरला इजा होत नाही. ही युक्ती इथे चालावी असे मला वाटते.

मोजूनमापून (फिनिक्स)

काका, आपल्या अनुभवापुढे मी लहान आहे, तरी या एका मुद्द्यावर मी असहमती नोंदवतो. पितळ मऊ आहे हे खरे. परंतु घासणारा पदार्थ पितळ नसून ती काजळीच आहे. फाकवलेली कडा काजळीचे कडक कण लेपावर दाबून ओढत नेते, आणि पोलादी चेंबरला जे जाणवतही नाही ते पातळ लेपाला जाणवू शकते.

धातुवेडा (पुणे)

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. फाकवलेल्या पितळी कडेने एकदोनदा कडे काढल्याने सिलिंडर निकामी होईल असे मी म्हणणार नाही. पण दर पंधरवड्याला ते करणे आणि वर्षातून एकदा अडचण आली म्हणून करणे यांत फरक आहे. माझा कल बळापेक्षा वेळ खर्च करण्याकडे आहे. द्रावकात भिजवलेले तुकडे पाचही चेंबरमध्ये बसवून सिलिंडर उघडा ठेवून अर्धा तास थांबावे, मग नायलॉनचा ब्रश फिरवावा, आणि भागले नाही तर पुन्हा अर्धा तास थांबावे.

आर्मररकाका (सातारा)

मान्य. फौजेत आम्हाला अर्धा तास कोणी देत नसे. त्या युक्तीचा जन्म बहुधा त्यातूनच झाला असावा.

ओवी (न्यू जर्सी)

मी परिचारिका आहे; शस्त्रांतले मला फारसे कळत नाही, पण यजमान नेमबाजी करतात आणि त्यांच्या सफाईचे नियम आमच्या घरी मी ठरवले आहेत. वर ज्या काजळीची एवढी चर्चा झाली तिच्यात शिसे असते, केवळ गोळीचे नव्हे तर बहुतेक प्रायमरमधलेही. घरात लहान मुले असतील तर हा मुद्दा लेपाहून मोठा आहे. सफाई स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर करू नये, खिडकी उघडी असावी, हातात नायट्राइलचे हातमोजे असावेत, आणि वापरलेले तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे टाकावेत. नंतर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवावेत, काही खाण्यापिण्याच्या आधी. उंबरठा यांनी हिरवी घासणी वापरल्याचे लिहिले आहे. ती पुन्हा भांड्यांकडे गेली नसेल अशी आशा आहे.

उंबरठा (ह्यूस्टन)

नाही ताई, ती गॅरेजमध्येच राहत होती. आता तिथूनही गेली.

मोजूनमापून यांना एक उपप्रश्न आहे. माझ्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर 120 ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये असे कोरलेले आहे. जड गोळीचा हादरा जास्त, हलकीचा कमी, असे मी समजत होतो. मग हलक्या गोळीलाच मनाई का असावी?

मोजूनमापून (फिनिक्स)

हा प्रश्न सफाईचाच आहे, कारण सिलिंडरचे आयुष्य ब्रशपेक्षा काडतुसावर अधिक अवलंबून असते.

120 ग्रेन म्हणजे सुमारे पावणेआठ ग्रॅम. .357 च्या हलक्या गोळीचे काडतूस वेगासाठी बनवलेले असते, म्हणून त्यात दारू अधिक भरलेली असते. आपली नळी जेमतेम पावणेदोन ते दोन इंचांची. एवढ्या आखूड नळीत ती सगळी दारू जळून होत नाही आणि गोळी हलकी असल्यामुळे लवकर पुढे सरकते. परिणामी न जळलेल्या कणांचा मोठा लोंढा चेंबरच्या तोंडावर आणि सिलिंडरच्या पुढच्या भागावर आदळतो. धातुवेडा यांनी वर्णन केलेला वाळूचा फवारा तो हाच. पूर्वीच्या मालकाने हलक्या गोळ्या वापरल्या असतील तर त्याची खूण चेंबरच्या तोंडाच्या कडांवर दिसेल, तेव्हा भिंगाने त्या पाहाव्यात.

जड गोळीचा धोका वेगळा आहे. शस्त्र इतके हलके आहे की हादऱ्याबरोबर ते आणि आत उरलेली काडतुसे झटक्यात मागे येतात, गोळी मात्र जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते. असे तीन-चार वेळा झाले की शेवटच्या काडतुसाची गोळी पुंगळीतून पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. उघड्या शिशाच्या गोळ्यांत हे अधिक होते. नवीन प्रकारचे काडतूस घेतले की पाचव्या काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून त्यावर खूण करावी, आधीची चार झाडावीत आणि पाचवे बाहेर काढून पुन्हा मोजावे. लांबी वाढली असेल तर ते काडतूस या रिव्हॉल्व्हरसाठी नव्हे.

पुळणकाठ (रत्नागिरी)

आमच्याकडे वडिलांच्या वेळचे .32 चे कानपुरी रिव्हॉल्व्हर आहे, ते पूर्ण पोलादी. परंतु माझ्या बहिणीने परवाना मिळाल्यावर 'निर्भीक' घेतले. कानपूरच्या आयुधनिर्माणीने 2014 मध्ये खास महिलांसाठी म्हणून आणलेले हे .32 चे रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोचे आहे आणि ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असल्याचे तेव्हा जाहीर झाले होते. इथली चर्चा त्यालाही लागू होते का? आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चामड्यालाही बुरशी येते. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, आणि दोन-अडीच महिन्यांनी परत मिळते तेव्हा त्याची अवस्था पाहवत नाही.

धातुवेडा (पुणे)

नेमका कोणता भाग कोणत्या धातूचा आहे हे सोबतच्या पुस्तिकेवरून पाहावे, आणि खात्री होईपर्यंत सगळ्याच पृष्ठभागांवर लेप आहे असे धरून घासणारे काही लावू नये. टायटॅनियम खाऱ्या हवेला दाद देत नाही, पण रिव्हॉल्व्हर म्हणजे केवळ टायटॅनियम नव्हे. चांदणी, दांडा, स्प्रिंगा, स्क्रू, घोडा, नळीचा आतला भाग हे सगळे पोलादाचे असते आणि ते कोकणात गंजणारच. उंबरठा यांच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तर आणखी एक भीती आहे: खारट घामाची ओल राहिली आणि ॲल्युमिनियम दुसऱ्या धातूला टेकलेले असले, तर त्या जोडीत झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते.

आर्मररकाका (सातारा)

पुळणकाठ, जमा करण्याच्या आदल्या दिवशी शस्त्र स्वच्छ करून पोलादी भागांवर नेहमीपेक्षा किंचित अधिक तेल फिरवावे आणि ते तेलकट कापडात गुंडाळून द्यावे; चामड्याच्या म्यानात देऊ नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. परत मिळाले की चेंबर आणि नळी कोरडी पुसल्याशिवाय वापरू नये. .32 च्या काडतुसात बहुधा उघडी शिशाची गोळी असते, त्यामुळे नळीत शिसे बसते. ते काढण्याच्या नादात तारेचा ब्रश बहिणीच्या रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये जाऊ देऊ नये. दुरुस्तीची वेळ आली तर ती घरी करू नये, परवानाधारक कारागिराकडेच न्यावे. आपल्याकडे 1959 च्या कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो.

पुळणकाठ (रत्नागिरी)

आभारी आहे, काका. चामड्याच्या म्यानासकटच देत होतो आम्ही.

उंबरठा (ह्यूस्टन)

दोन महिन्यांनी या धाग्यावर परत येत आहे.

रिव्हॉल्व्हर इथल्या एका वयस्क गनस्मिथकडे नेले. त्यांनी भिंगातून पाचही चेंबरची तोंडे तपासली. चमकणारा डाग पुढच्या सपाट भागावरच आहे, चेंबरच्या कडेपर्यंत पोहोचलेला नाही, आणि त्यात खड्डे पडलेले नाहीत. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट त्यांनी पातळ पट्ट्यांच्या मापाने मोजली, ती इंचाच्या सहा हजारांश भरली. वरचा पोलादी पत्रा जागेवर आहे. डागावर काहीही लावू नये, त्याचे जवळून छायाचित्र काढून ठेवावे आणि दर दोनशे गोळ्यांनंतर नव्या छायाचित्राशी ताडून पाहावे, असे त्यांनी सांगितले. तसे पहिले छायाचित्र काढले आहे.

दांडा मात्र खरोखरच अर्धा आटा सैल निघाला. त्यांनी पकड हातात घेतली तेव्हा मी आर्मररकाकांचे वाक्य आठवून उलट्या आट्यांबद्दल विचारले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि हे कोणी शिकवले म्हणून विचारले. साताऱ्याच्या एका काकांनी, असे सांगितले.

सरावासाठी .38 ची 158 ग्रेनची तांब्याच्या वेष्टनाची काडतुसे ठरवली आहेत. पाचव्या काडतुसाची लांबी चार गोळ्यांनंतरही तितकीच राहिली. चेंबर त्याच संध्याकाळी साफ करतो, गॅरेजमध्ये, हातमोजे घालून. वलये आहेत तशीच आहेत.